पावसाकडच्या भिंतीच्या दरजा

आमच्या जुन्या घराची पावसाकडची भिंत जवळून बघितली की आधी सिमेंट दिसतं आणि मग दगड. आमच्या आधीच्या पिढीत कधीतरी सगळ्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरून घेतल्या होत्या. त्या आजही कडक आहेत, त्यांच्या कडा अजून धारदार आहेत. त्यांच्यामधला दगड मात्र मागे हटलाय. खिडक्यांच्या बाजूंना मऊ वाळूचा दगड आहे, तिथे तर बोटाचं पेर आत जाईल एवढे खड्डे पडलेत, आणि हात फिरवला की वाळू हातावर येते. झिजायचं होतं दरजेने, झिजला दगड.

या कोरड्या हंगामात ते सिमेंट काढून चुन्याने दरजा भरायला घेतल्या. बरीचशी भिंत झाली आहे. काम करताना जे कळत गेलं ते लिहून ठेवते आहे, कारण असं काम काढणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो 'कशाला चुन्याच्या नादी लागता, सिमेंट मारा आणि मोकळे व्हा' हाच. तो ऐकला की दगड गेलाच म्हणून समजा.

दगडी भिंतीत पाणी शिरतंच. वरून पाऊस, खालून जमिनीची ओल, आतून माणसांच्या वावराची वाफ. जुन्या भिंती हे गृहीत धरूनच बांधलेल्या असतात. बाहेर दगडाचा एक थर, आत एक, आणि मधल्या पोकळीत कपच्या आणि चुन्याची भर. पाणी आत येतं, काही काळ राहतं आणि ऊन-वारा मिळाला की बाहेर पडतं. बाहेर पडायची सोपी वाट म्हणजे दरज, कारण चुना सच्छिद्र असतो.

सिमेंट ही वाट बुजवतं. शिवाय ते ताठ असतं. उन्हाने भिंत किंचित फुगते, गारव्याने आकसते. ही हालचाल चुना निभावून नेतो. सिमेंटला ते जमत नाही, ते दगडाच्या कडेने सुटतं आणि केसाएवढी फट पडते. पावसाचं पाणी त्या फटीतून बिनबोभाट आत जातं, पण परतताना सिमेंट आडवं येतं, म्हणून ते दगडातून बाहेर पडतं. जाताना विरघळलेले क्षार दगडाच्या कातडीखाली सोडून जातं. त्यांचे स्फटिक वाढतात, दगडाला आतून रेटतात आणि पोपडे निघायला लागतात. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे हाल आणखी, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं.

चुन्याच्या दरजेतही क्षार साचतात. पण ते दरजेत साचतात, दगडात नाही. काही दशकांनी दरज भुसभुशीत होते, ती खरवडून पुन्हा भरायची. दगड पुन्हा मिळत नाही, दरज पुन्हा भरता येते. दरज दगडापेक्षा कमजोर हवी, एवढं एक सूत्र धरून ठेवलं की बाकीचे बरेचसे निर्णय त्यातूनच निघतात.

आमचे मिस्त्री वयस्कर आहेत, उमेदीत चुन्यात काम केलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला एका दरजेतला माल पूर्ण काढून दाखवला आणि वरच्या दगडावर हात ठेवून म्हणाले, "ताई, हा हलतो का बघा." दगड तसूभर हलला नाही. "दगड स्वतःच्या वजनावर बसलाय. चुना त्याला फक्त बैठक देतो. चिकटवायला बसवलेला नसतो तो." मजबूत माल म्हणजे मजबूत भिंत हा समज माझ्या डोक्यातून तिथेच निघाला.

आता खरवडणं. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला आणि जाऊ द्यावाच. ग्राइंडरला मी आणि मिस्त्री दोघांनीही साफ नकार दिला. उभ्या दरजा अरुंद असतात, ग्राइंडरचं पातं त्यात सरळ राहत नाही, एका झटक्यात दगडाची कड कापली जाते आणि तो व्रण कायमचा राहतो. आम्ही दरजेपेक्षा अरुंद छिन्नी आणि हलका हातोडा वापरला. सिमेंटच्या पट्टीच्या बरोबर मधोमध घाव घालायचा. आधी मधला भाग फोडून पोकळी करायची, मग कडेचे तुकडे त्या पोकळीकडे पाडायचे. छिन्नीचं तोंड दगडाकडे वळवलं की दगडाची चिप उडालीच. हातोडीने हलकं ठोकत गेलं की पोकळ जागा आवाजावरून कळतात. तिथलं सिमेंट वीतभर लांबीच्या तुकड्यांत सुटून येतं, आणि ते हातात आल्यावर मागची बाजू बघण्यासारखी असते. आमच्याकडे बहुतेक तुकड्यांची मागची बाजू ओली होती. बाहेरची भिंत कोरडी ठणठणीत, आणि इंचभर मागे ओल.

काही ठिकाणी सिमेंटने मऊ दगडाला असं धरून ठेवलंय की काढताना दगडच येतो. तिथे हात आवरायचा. तेवढी दरज तशीच ठेवली आहे, ती आपणहून सुटेल तेव्हा काढू. नियमाच्या हट्टापायी दगड फोडण्यात काही अर्थ नाही.

खोली किती? दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, आणि अरुंद दरजेतही २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. वरवर फासलेला माल पातळ पापुद्रा होऊन पडतो. मागचा जुना चुना घट्ट असेल तर त्याला हात लावायचा नाही, भुसभुशीत असेल तर घट्ट लागेपर्यंत काढायचा. मुळांनी आणि मुंग्यांनी पोखरलेल्या काही जागी माझं मनगट आत गेलं.

त्या जुन्या चुन्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. रंग सायीसारखा. त्यात मोहरीपासून वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी आणि मधूनमधून कोळशाचे काळे ठिपके, म्हणजे भट्टीतलं जळण चुन्यात मिसळलेलं. पांढऱ्या गाठी म्हणजे नीट न मिसळलेला चुना, असंच बरीच वर्षं मानलं जायचं. रोमन काँक्रीटमधल्या अशा गाठींवर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या अ‍ॅडमिर मासिक यांच्या गटाने २०२३ साली संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं असं की कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेला, पाणी न घातलेला चुना, थेट मालात घालून गरमागरम कालवल्याने त्या गाठी राहतात, आणि पुढे भेग पडली की त्यातला चुना पाण्यात विरघळून भेगेत जाऊन बसतो. आमची भिंत रोमन नाही, पण बारीक भेगा चुना आपणहून भरून काढतो हे चुन्यात काम करणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. आमच्या जुन्या दरजेतही अशा एका भेगेत पांढरी रेघ भरलेली दिसली.

नवा माल जुन्याशी जुळावा म्हणून त्या चुन्याचा एक तुकडा मी तपासला. तो कोरडा करून वजन केलं, ठेचला आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. फसफसून चुना विरघळतो, वाळू खाली उरते. ती धुऊन, वाळवून पुन्हा तोलली की प्रमाणाचा अंदाज येतो. शंख-शिंपल्यांची किंवा चुनखडीची वाळू असेल तर तीही विरघळते, त्यामुळे या आकड्यावर डोळे मिटून विसंबायचं नाही. वजनापेक्षा मला वाळू बघण्यात जास्त फायदा झाला. बारीक, मध्यम आणि ज्वारीच्या दाण्याएवढी जाड, अशी सगळी मिसळ होती, आणि दाणे कोनेदार. आजकाल गिलाव्याला वापरतात तशी एकसारखी बारीक वाळू घेतली असती तर माल तडकला असता.

वाळूचं गणित समजायला घरच्या घरी एक प्रयोग करून बघावा. बरणी कोरड्या वाळूने काठोकाठ भरायची आणि मोजून पाणी ओतत राहायचं. वाळूच्या वर न येता जेवढं पाणी मावतं तेवढी दाण्यांमधली पोकळी. चांगल्या मिसळीच्या वाळूत ती साधारण एक तृतीयांश निघते. ती पोकळी भरायला जेवढा चुना लागतो तेवढाच घालायचा, म्हणून एक भाग चुना, तीन भाग वाळू. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनेही खाणीच्या वाळूला हेच प्रमाण दिलंय, नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूला मात्र एकास दोन. नदीच्या वाळूत मडक्यांचा चुरा घातला तर माल आणखी चांगला होतो, असंही तो सांगतो.

चुना कोणता, यावर माझं आणि मिस्त्रींचं बरंच बोलणं झालं. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना हाती येतो, ४४ किलो हवेत जातं. पाण्यात विरवला की तो उकळतो, फुगतो आणि मऊ लोणी होतो. दरजेत भरल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. हा झाला हवेवर घट्ट होणारा चुना. तो मऊ असतो आणि सावकाश घट्ट होतो. चुनखडीत चिकणमाती असेल तर त्या चुन्याला पाण्यातही घट्ट होण्याचा गुण येतो. इंग्लंडमधल्या एडिस्टोनच्या दीपगृहाची तयारी करताना अभियंता जॉन स्मीटनने १७५६ साली वेगवेगळे चुने तपासून हे ओळखलं. १८१८ मध्ये फ्रान्सच्या लुई व्हिकाने असा चुना मुद्दाम कसा बनवायचा ते मांडलं, आणि १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने आजच्या सिमेंटचं मूळ असलेल्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या दगडी घराच्या मूळ बांधकामात पोर्टलंड सिमेंट असणं शक्यच नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

बाजारात हा पाण्यावर घट्ट होणारा नैसर्गिक चुना एनएचएल या नावाने २, ३.५ आणि ५ अशा तीन दर्जांत मिळतो. आकडा म्हणजे २८ दिवसांनंतरची किमान ताकद, मेगापास्कलमध्ये. इथे मोठा आकडा बघून हुरळून जायचं नाही. ५ चा चुना वर्षभराने आणखी कडक होतो आणि मऊ दगडाला तो सिमेंटइतकाच जाच करू शकतो. आम्ही भिंतीच्या कठीण दगडाला ३.५ घेतला. खिडक्यांच्या वाळूच्या दगडाला मात्र मुरवलेला, म्हणजे पाण्यात विरवून ठेवलेला हवेवरचा चुना आणि त्यात थोडी सुरखी, म्हणजे कमी आचेवर भाजलेल्या विटांची पूड. तिच्यामुळे तो थोडा लवकर धरतो, तरी दगडापेक्षा मऊच राहतो. एका भिंतीला दोन माल कशाला, असं विचारणारे भेटतात. भिंतीत दगड दोन प्रकारचे आहेत म्हणून.

मुरवलेल्या चुन्याला वरून पाणी घालायचा मोह आवरायचा. आधी कोरडा, ढेकूळ-ढेकूळ वाटतो. थापीच्या पाठीने कुटत, दाबत राहिलं की त्यातलंच पाणी सुटतं आणि माल लोचट होतो. मिस्त्री मूठभर घेऊन गोळा करायचे, तळहातावर उडवायचे. गोळा फुटला नाही आणि हात फारसा भरला नाही की म्हणायचे, "हं, आता चालेल." जास्त पाण्याचा माल वाळताना आकसतो आणि दगडापासून सुटतो. सिमेंटवर जो आळ आपण घेतो तोच मग चुन्यावर येतो.

चुना हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. ओल्या चुन्याचा पीएच १२ च्या वर असतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. शेजारी स्वच्छ पाण्याची बादली कायम भरलेली असावी, आणि डोळ्यात उडालाच तर भरपूर पाण्याने धूत राहून तडक डॉक्टर गाठायचा. कळीचा चुना विरवायचा असेल तर चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर कधीही ओतायचं नाही.

भरण्याआधी दरज वरून खाली धुवायची आणि आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची. भरताना पुन्हा पाणी मारायचं. कोरडा दगड मालातलं पाणी घटाघटा पितो आणि चुना धरायच्या आधीच त्याची भुकटी होते. दगड ओलसर हवा, पण त्यावर पाणी चमकायला नको.

भरणं त्या मानाने लवकर होतं. दरजेत जाईल एवढी अरुंद पट्टीची थापी, माल मागच्या बाजूला दाबत पुढे यायचं. मागे पोकळी राहिली तर तिथेच पाणी साठणार. खोल खड्डा एका दमात भरायचा नाही, थर देऊन, प्रत्येक थर थोडा आवळू देऊन भरायचा. रुंद दरजेत दगडाच्या कपच्या ओल्या करून दाबून बसवायच्या, त्याने माल कमी लागतो आणि आकसतोही कमी.

शेवटचा हात फार महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त बिघाड इथेच होताना दिसतो. थापीने घासून गुळगुळीत केलेली दरज दिसायला छान असते. पण घासण्याने चुन्याची साय वर येते, वरची छिद्रं बुजतात, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते श्वास घेणंच बंद होतं. आम्ही दरज किंचित जास्त भरून सोडून द्यायचो. अंगठा दाबला तर खळगा पडू नये, पण नखाने ओरखडा उठावा, एवढी आवळली की राठ ब्रशने सरळ ठोकत जायचं. घासायचं नाही, ठोकायचं. वरची साय निघते, वाळूचे दाणे उघडे पडतात, माल आत दाबला जातो आणि आकसण्याच्या बारीक भेगा मिटतात. झिजून गोल झालेल्या दगडांच्या कडांवर माल चढू द्यायचा नाही. तिथे दरज थोडी आतच ठेवायची, नाहीतर मूळ बोटभर असलेली दरज चार बोटं रुंद दिसते आणि कडेवरचा तो पातळ माल पहिल्या पावसात सुटतो.

यानंतर भिंतीवर ओलं गोणपाट. उन्हाची, वाऱ्याची झळ थेट लागता कामा नये. आठवडाभर तरी दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हलका फवारा, नुसत्या हवेवर घट्ट होणाऱ्या चुन्याला त्याहून जास्त दिवस. दरज सतत चिंबही नको, कारण छिद्रं पाण्याने भरलेली असली की हवा आत जात नाही, आणि ठणठणीत कोरडीही नको, कारण पाण्यावाचून कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जुळत नाही. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम काढूच नये.

चुना आतपर्यंत घट्ट झालाय का, हे बघायला फिनॉल्फथॅलीन हे रंग बदलणारं रसायन वापरता येतं. खिडकीजवळ भरलेल्या मालाचा एक नमुना मी बाजूला ठेवला होता, तो मोडून ताज्या तोंडावर थेंब टाकले. बाहेरची पातळ कड रंगहीन राहिली, आतला सगळा भाग लख्ख गुलाबी झाला. गुलाबी म्हणजे अजून चुनाच आहे, चुनखडी व्हायचा आहे. हे महिन्यांचं काम आहे, खोल दरजेत वर्षांचं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पावसाच्या तोंडावर मात्र चुन्याच्या दरजा भरायला घेऊ नयेत ते याचसाठी.

भिंतीचा खालचा पट्टा आणि वरचा कठडा अजून बाकी आहेत. कठड्याला हात लावायच्या आधी छपराची पन्हळ दुरुस्त करून घेणार आहे. ती एका कोपऱ्यात गळते आणि नेमका तिथेच दगड सगळ्यात जास्त झिजलाय. पाणी असंच कोसळत राहिलं तर कोणताही चुना तिथे टिकायचा नाही. मिस्त्रींनी कठड्यासाठी ५ चा चुना सुचवलाय, कारण तो वरून आणि दोन्ही बाजूंनी पाऊस खातो आणि तिथला दगडही कठीण आहे. मला ते पटलंय, तरी आधी दोन हात लांबीचा तुकडा करून एक पावसाळा जाऊ देऊ, असं ठरवलंय.